विषाणूची बोली

“मॅडम, याच्यासमोरच सांगा, माझ्या बहिणीला हा रोग कुणी दिला ते. एकदाचा फैसला होऊन जाऊ दे,” उत्तम दारातूनच बोलला.

डॉक्टर रसिकाने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत राहिले फक्त नवरा-बायको, राघो आणि सुगंधा.

उत्तम बसला, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. राघो ट्रक ड्रायव्हर. दोघांच्या रक्तात एचआयव्ही निघाल्यापासून उत्तमच्या तोंडचं ‘भावजी’ जाऊन नुसतं ‘राघो’ उरलं होतं. “भाचीच्या, दिव्याच्या बाळंतपणात बहीण मरायला टेकली, तेव्हा हा कुठे? इंदूरला! सगळं मी निभावलं,” तो शेजारच्या बाईला सांगत होता. आज निकाल कळला की बहीण-भाचीला काशीगावला आपल्या घरी न्यायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. घर एका खोलीचं, त्यात बायको पोटुशी. तरीही. बहिणीवर त्याचा जीवच तसा होता.

राघोला यातलं काही खोडायचं नव्हतं. हायवेवर त्याचा पाय घसरला होता आणि तसं त्याने सुगंधाला सांगितलंही होतं. आठ वर्षांच्या दिव्याची तपासणी साफ आली, एवढंच नशीब. ती आता दुरावणार, या विचाराने महिनाभर त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

मीरा-भाईंदरच्या रुग्णांमध्ये या विषाणूचे कोणकोणते प्रकार आहेत, ते रसिका शोधत होती. ती म्हणाली, “आपल्या मराठीसारखंच आहे हे. रत्नागिरीची बोली वेगळी, रायगडची वेगळी. एकाने दुसऱ्याला दिला असेल तर दोघांची बोली जुळते. तुमची जुळत नाही. फारच लांबची आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे सुगंधाताईंना तो तुमच्याकडून आलेला नाही.”

राघोने बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ सुगंधाला लगेच कळला.

“देवाशप्पथ, मी कुठं नाय गेले हो!” ती रडायलाच लागली.

“तसं कुणी म्हणत नाहीये,” रसिका म्हणाली. “कधी रक्त चढवलं होतं का?”

“दिव्याच्या वेळी. अठ्ठ्याऐंशीला.”

“तेव्हा ते या रोगासाठी तपासत नसत. कुणाचं होतं, आठवतंय?”

सुगंधा रडायची थांबली. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने तो सोडवून घेत राघो उठला आणि बाहेर आला.

उत्तम ताडकन उभा राहिला. “काय, कळलं ना? आता करू सामान गोळा?”

राघोने आवाज खाली आणला. “उत्तमभाऊ, मॅडम आत बोलावतायत. दिव्याच्या वेळी सुगंधाला रक्त तुम्हीच दिलं होतंत ना? आणि उद्या... वहिनींनाही घेऊन या.”