ब्रेक लागला नाही

उतारावर गाडी भिंतीला धडकली आणि बाबा गेले. "ब्रेक लागला नाही," घरात जो तो हेच म्हणत राहिला. आई गेल्यापासून बाबा त्या म्हाताऱ्या गाडीला जास्तच चिकटून होते, तो हट्टच नडला, असं सगळ्यांचं म्हणणं. भाऊ म्हणाला, भंगारात काढ. लेकीने मात्र ती टोचन लावून बाबांच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे आणली.

"काका, आधी हे पुढचे डिस्क ब्रेक फेका. चांगले दणकट बसवा. मेल्यांनी ऐनवेळी घात केला."

काकांनी चाक उतरवलं, आत वाकून पाहिलं आणि थबकले.

"पोरी, हे कंपनीचे नाहीत. कंपनीच्या ब्रेकला दोनच पिस्टन यायचे, हे चार आहेत. तू गाडी शिकायला लागलीस ना, तेव्हा तुझ्या बाबांनी माझ्या मागे लागून हे बसवून घेतले. म्हणाले, लेकीच्या जिवाशी खेळ नको."

तिला भरून आलं. तशीच आत बसून तिने पेडल दाबलं. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावून डिस्क फिरवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.

"मग त्या दिवशी ब्रेक लागला का नाही, काका?"

काका हात पुसत राहिले. फडकं काळं झालं तरी पुसतच राहिले.



"लागला असता गं. त्यांनी लावलाच नाही."