नाव गाळून

"धरण फुटलंय असं समजा आणि मोबाइल बंद करा," म्हणत सरांनी सगळ्यांच्या आधी स्वतःचा मोबाइल टेबलाच्या खणात टाकला. मागच्या रांगेत विद्यापीठाची समिती बसली होती. लोकनेतृत्व आणि प्रशासन या विषयाचं नवं केंद्र निघणार होतं आणि त्याचं संचालकपद कुणाला द्यायचं ते आज ठरणार होतं. सरांनी या विषयात उभी हयात घालवली होती. त्यांच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतंच, पण समितीला त्यांचा तास बघायचा होता. बघू दे की, खुशाल.

एकच खुटखुट होती. घरी बायको ऑक्सिजनवर होती. भरून आणलेला जादाचा सिलिंडर खाली गाडीच्या डिकीत तसाच पडून होता. समिती वेळेच्या आधीच टपकली आणि तो घरी उतरवायला सवड मिळाली नाही. घर आवारातच, पलीकडच्या टोकाला. आहे तो दुपारपर्यंत पुरेल, असा सरांचा अंदाज होता. शिवाय तिच्याजवळ सरांची बहीण होती आणि बहीण खमकी होती. अशी मनाची समजूत घालून सर फळ्याकडे वळले.

सराव नेहमीचाच. वर्ग म्हणजे आपत्ती नियंत्रण कक्ष. सहायक बाई पलीकडच्या खोलीतून विभागाच्या नंबरवर फोन लावायच्या आणि पूरग्रस्त होऊन टाहो फोडायच्या. बाई नाटकवेड्या. कधी अडलेली बाळंतीण व्हायच्या, कधी मंत्र्यांची मेहुणी. फोनवर बसलेल्या विद्यार्थ्यानं ते सगळं ऐकायचं आणि वर्गाला फक्त गरज सांगायची. नाव गाळायचं, नातं गाळायचं, रडणं तर गाळायचंच. माणूस कोण ते कळलं की निर्णय वाकतो, असं सरांचं म्हणणं. याच पद्धतीवर त्यांची पुस्तकं निघाली. याच पद्धतीवर त्यांनी परिषदा गाजवल्या.

तास रंगला. खचलेला पूल झाला, शाळेच्या गच्चीवर अडकलेली मुलं झाली. मग फोनवरच्या मुलीनं रिसीव्हर हातानं झाकला. "सर, एक घर. रुग्ण एक. ऑक्सिजन संपत आलाय, सिलिंडर हवाय."

सरांना राग आला. बाईंना घरचं सगळं माहीत होतं. माझंच दुखणं उचलून भर वर्गात आणलं की हो! मग वाटलं, असू दे. समितीला बघायचंय ना, मग नीटच बघा.

"गाड्या किती मोकळ्या?"

"एकच सर. ती शाळेकडे निघालीय."

"मग झालं तर."

मुलगी घुटमळली. "सर, त्या फार रडतायत. आणि... वरच्या माणसाशी नातं आहे म्हणतायत. सारखं तेच सांगतायत."

मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.

"मग तर मुळीच नाही," सर खणखणीत आवाजात म्हणाले. "गाडी शाळेकडेच जाईल. आणि त्यांना आशेवर ठेवू नकोस. निर्णय मी घेतलाय, असं माझं नाव घेऊन सांग."

मुलीनं शब्दन् शब्द सांगितला. पलीकडचं थोडं ऐकलं आणि रिसीव्हर ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. पोर हळवी आहे, सरावानं होईल तयार, असं सरांना वाटलं.

तास संपला. समितीच्या अध्यक्षबाई स्वतः उठून पुढे आल्या. "आता लपवण्यात काय अर्थ आहे? अभिनंदन! तो ऑक्सिजनचा प्रसंग तर अंगावर आला हो." सरांनी हसून हात जोडले. सहायक बाई चहा घेऊन आत येत होत्या. सर त्यांना म्हणाले, "बाई, आज तुम्ही थेट माझ्या घरातच शिरलात. पण जमलं हं."

"मी? कुठं काय?" बाई गोंधळल्या. "शाळेनंतर मला लाइनच मिळाली नाही सर. सारखा एंगेज. म्हटलं, मुलांनी रिसीव्हर काढून ठेवला की काय."

सरांनी फोनवरच्या मुलीकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

जिना कसा उतरला, गाडी कशी काढली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सिलिंडर पोटाशी कवटाळून ते दारात आले तेव्हा अँब्युलन्सचा डॉक्टर हातमोजे काढत होता. त्यानं सिलिंडरकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. बहीण पलंगाच्या कडेवर बसली होती. मास्क अजून तिच्याच हातात होता.

"अगं, मला कळलंच नाही," सर कसेबसे म्हणाले. "देवाशपथ सांगतो. मला वाटलं, सराव आहे. त्या मुलीनं नाव सांगितलं नाही, मीच तसं शिकवलंय त्यांना... तू आहेस हे कळलं असतं तर मी धावत..."

बहीण रागावली नाही. तिनं मान हलवली. तिचा त्यांच्यावर विश्वास बसला होता, हे दिसत होतं. तेवढ्यानंही त्यांना बरं वाटलं. त्यांनी सिलिंडर खाली ठेवला आणि बायकोचा हात हातात घेतला. हात अजून कोमट होता.

"माझे दोन्ही हात मास्क धरण्यात गुंतले होते," बहीण हळूच म्हणाली. "फोन स्पीकरवर होता, दादा. वहिनीनं सगळं ऐकलं."