काळ्या दारातली रिकामी जागा

माझ्या डेल्मरला साठी आली तरी पोच नाही. केंटकीच्या मोटार संग्रहालयात नवी गाडी ताब्यात घ्यायला आला आणि आईला ताटकळत ठेवून रुमालानं गाडीचं दार पुसत बसला.

इथे विकत घेतलेली गाडी दालनातच सोपवतात; मालक स्वतः ती चालवत बाहेर नेतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. ते रांगेत उभेच होते.

मी बोट टेकवून आरशासारख्या चकचकीत काळ्या दारात वाकून पाहिलं. त्यात मी होते, रांग होती. शेजारचा डेल्मर नव्हता.

“जरा इकडे सरक रे.”

“आई, डाग पाडलास ना!”

तो सरकला, तरी दिसेना. त्यानं रुमाल फिरवला. दारात हात नाही, रुमाल नाही. डाग मात्र पुसला गेला.

टाळ्या सुरू झाल्या.

मी त्याची कॉलर धरली. “डेल्मर, किल्ली दे. या गाडीच्या लेखी तू नाहीसच. मी चालवते.”