रोज एक गोळी

केशरबाईंनी आरतीचा हात परातीतल्या पाण्यात धरला आणि तसाच सोडून दिला.

"वर बघ गं."

आरतीनं वर बघितलं. केशरबाईंनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आधी एक डोळा, मग दुसरा. चाळीस वर्षं त्या दर रविवारी चुन्याच्या पाण्यात लोकांचे हात धुऊन त्यांची कावीळ उतरवत होत्या. आजही पारनेरच्या बाजूची पंधरा-वीस माणसं अंगणात रांगेनं बसली होती. पिवळं माणूस केशरबाईंना नवं नव्हतं. पण तळहात ओल्या हळदीसारखे आणि डोळे मात्र खोबऱ्यासारखे पांढरे, असं काही त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

आरतीची सासू पुष्पावती मागं उभी होती. तिच्या खांद्यावर तीन महिन्यांचा नातू रडत होता. रडून रडून आवाज घोगरा झालेला.

"पोराला अंगावर पाजतीस का?"

सून बोलायच्या आत सासूच बोलली. "चार दिस झालं तोडून. काविळीचं दूध कसं पाजायचं? वरचं दूध वाटीनं देतोय, पर ठरत न्हाई पोटात. समदं ओकतंय."

पोर पुन्हा कळवळलं आणि आरतीच्या ब्लाऊजवर ओल पसरली. तिनं पदर ओढून घेतला. चार दिवस ती दूध पिळून न्हाणीत सांडत होती.

"डॉक्टरला न्हाई दावलं?"

"मी म्हणत हुते की. ह्योच म्हणला, दवाखान्यात नसत्या चौकशा करत्यात. केशरबाईकडं जाऊ."

'ह्यो' म्हणजे पुष्पावतीचा एकुलता एक भागवत. तो टेम्पोला टेकून मोबाईल बघत होता. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती.

"हिला कावीळ न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "काय खातीस गं बाई?"

आरतीनं नवऱ्याकडं बघितलं. तेवढं बघणं केशरबाईंना पुरलं.

"ये रं हिकडं. काय चारतोस हिला?"

"कुठं काय, मावशी. ताकदीच्या गोळ्या हायेत. गाजराच्या. नॅचरल."

"आण बघू."

टेम्पोत सीटच्या मागं दडवलेली बाटली त्यानं आणली. पुष्पावतीनं ती पहिल्यांदाच पाहिली.

"मला अक्षर येत न्हाई. तूच वाच. मोठ्यानं."

भागवतनं घसा साफ केला. "गाजर, टोमॅटो आणि झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क. त्वचेच्या आरोग्यास आतून साहाय्य. उन्हाचा त्रास कमी होण्यास मदत होऊ शकते. गुण येण्यास काही महिने लागू शकतात. रोज एक गोळी, जेवणानंतर."

"गोरं करतं, असं लिव्हलंय कुठं?"

"न्हाई."

"मग किती देतोस रोज?"

आरती म्हणाली, "सहा."

"सहा? का रं बाबा?"

"बाळंतपणात हिच्या तोंडावर वांग आलं. वीस तारखेला आमच्या धावीच्या बॅचचा मेळावा हाय. समदे बायका घेऊन येणार. फोटो निघणार." टेम्पोचा टायर बदलायचा राहिलाय, असं सांगावं तसं त्यानं हे सांगितलं.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. केशरबाई हसल्या नाहीत. "म्हशीला गाजरं घालत्यात, ती तिच्या दुधासाठी. ह्यानं बायकोला घातली फोटोसाठी. वाच पुढं."

"संपलं की."

बाटली खिशात घालायला निघालेला त्याचा हात आरतीनं धरला. बारावीपर्यंत शिकलेली पोर ती. तिनं बाटली काढून घेतली, फिरवली आणि तळाची बारीक ओळ वाचली. "प्रमाणाबाहेर घेतल्यास तळहात व तळपाय पिवळे दिसू शकतात. गोळ्या थांबवल्यावर रंग हळूहळू जातो."

पुष्पावतीनं रडतं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुला ठावं हुतं," पुष्पावती म्हणाली. "पोर उपाशी ओरडतंय, मी रात रात खांद्यावर घेऊन हिंडतीय, आन् तुला ठावं हुतं."

"आई, तसं न्हाई गं. बायकोला गोळ्या चारतोय म्हणून गावात कळलं असतं तर हसली असती पोरं मला."

भाजी निवडताना बोटाला अळी चिकटावी, तसं पुष्पावतीचं तोंड झालं. ह्याच लेकाचं कौतुक ती घरोघर सांगत हिंडायची. ती त्याच्यापासून दोन पावलं लांब सरली. सुनेची माफी मागणं काही तिला जमलं नाही. तिनं नातवाला खांद्यावरून उतरवलं आणि आरतीच्या मांडीवर ठेवलं.

"पाज त्याला."

"हितं?" भागवत पुढं आला. "एवढी माणसं बघत्यात. टेम्पोत बसून पाज म्हणावं."

"तू गप उभा ऱ्हा," केशरबाई म्हणाल्या. "तुझं तोंड बघून पोराला उलटी व्हायची."

तो ओशाळं हसला. मग बायकोजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एवढं काय त्यात? लिव्हलंय की तिथं. आजपासून बंद करू. रंग जाईल."

"रंग जाईल," आरती म्हणाली.

रांगेतल्या बायका न सांगता पुढं सरकून दाटीनं बसल्या. आरतीनं त्या अनोळखी बायकांकडं तोंड केलं, नवऱ्याकडं पाठ फिरवली आणि पोराला पदराखाली घेतलं.