सुटलेली बोटं

सुभद्राची बोटं हळदीच्या वाटीला लागणार, तेवढ्यात थोरल्या जावेने वाटी उचलली.

"ह्या सवाशणींचा काम गो," जाऊ हसत म्हणाली. "तू आपली सावलीत बस."

मांडवात पाटावर तिचा लेक चंदन बसला होता, उघड्या अंगाने, लाजून खाली मान घालून. उद्या त्याचं लग्न. परसात वड्यांसाठी तेल तापत होतं. त्याच्या गालापासून सुभद्राचा हात वीतभर लांब राहिला होता.

"माझो झील आसा तो, वयनी."

"मगे? आमी काय तो शेजाऱ्याचो म्हणतंव?"

बायका फिदीफिदी हसल्या. सुभद्राने हात मागे घेतला नाही. या एका घटकेसाठी तिने तो चार महिने तयार केला होता.

सांधेवाताने तिची बोटं कोंबडीच्या पायासारखी आखडली होती. चंदन ओरोसला कचेरीत नोकरीला. लग्न ठरलं त्याच आठवड्यात त्याने हळदीच्या कॅप्सूलची डबी आणली. सांध्यांना चांगली, एकूण तब्येतीलाही चांगली, असं डबीवर छापलेलं होतं ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "लग्नापर्यंत हात सुटूक व्हये हां, आये," तो म्हणाला. तिने पुढे काही विचारलं नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, खरं. पण विधवांना मान द्यायचा ठराव गावात झाला तेव्हा पहिली सही चंदनचीच होती. लेकराच्या मनातलं आईला काय विचारून कळतं?

तिने एक दिवस चुकवला नाही. सकाळ-संध्याकाळ, जेवणावर एकेक. ढेकरही हळदीचे येऊ लागले, तेही तिला गोड लागले. पाणी भरताना ती कळशीच्या फुगीर अंगावर तळवा टेकवून पाही. सुरुवातीला नुसती नखं टेकली. मग पेरं. गेल्या सोमवारी अख्खा पंजा बसला, गालावर बसावा तसा. गुण गोळीचा की हौसेचा, देव जाणे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने त्या कळशीचा मुका घेतला होता.

आता तिने जावेकडे पाहिलंच नाही. पोराकडे पाहिलं.

"चंदन, सांग रे हेंका."

बायकांचं हसू थांबलं. जावेच्या हातातली वाटी जिथल्या तिथे राहिली. चंदनने मान वर केली. समोर आईचा हात होता, पाचही बोटं सरळ, पसरलेली. ते पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की सुभद्राचा ऊर भरून आला. ती एक पाऊल पुढे सरकली.

"सुटली मां बोटां!" चंदन आनंदाने म्हणाला. "मगे हय कित्याक उभी, आये? आत जा. तीनशे वडे थापूचे आसत, तेच्यासाठीच तर गोळ्यो आणलंय."