दुर्बीण बंद करण्याची बैठक

माझी रेडिओ दुर्बीण आणि माझी नोकरी, दोन्ही गुंडाळायला समिती बसली होती. समितीतल्या तिघांनाही आकाशाचं वावडं.

"बावीस वर्षांत ऐकलंत काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मेलेल्या ताऱ्यांची टिकटिक."

"टिकटिक माझं घड्याळही करतं. उद्यापासून घरी बसा."

खिडकीबाहेर कर्रर्र आवाज झाला. आकाशाकडे तोंड करून उभी असलेली दुर्बिणीची अजस्र तबकडी वळली आणि अध्यक्षांवर रोखून थांबली.

अध्यक्ष उठून दुसऱ्या खुर्चीत बसले. तबकडी कुरकुरत तिकडे वळली.

"हा चावटपणा बंद करा! नोकरी ठेवतो तुमची, पण तिला वर बघायला सांगा!"

"साहेब, तिची मोटर काटकसर म्हणून गेल्या महिन्यात तुम्हीच काढून नेलीत."

अध्यक्ष टेबलाखाली शिरले.

बाहेर तबकडी हळूच खाली वाकली.