बोळवण

निघायची वेळ टळून गेली तरी हर्षाची आई मावशीच्या ओसरीवरून उठेना. चहा झाला, पान झालं, लाखनीच्या बसची चौकशीही झाली. पिशवी मांडीवर धरून ती नुसती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली होती. हर्षाला आईचं काही कळेना. एरवी कुठल्याही सोयऱ्याच्या घरी तिचा पाय ठरत नसे.

सारा उन्हाळा पळापळीत गेला होता. घर पाहावं बांधून म्हणतात. म्हणणाऱ्यानं कधी घर हलवून पाहिलेलं नसावं. हर्षाच्या धाकट्या भावानं, विनोदनं, आसगावचं घर विकून लाखनीला हायवेवर टायरचं दुकान टाकलं आणि दुकानामागं भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. ऐसपैस घराचा संसार त्या खोल्यांत कोंबायचा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाची कोठी चढवण्यापासून नव्या भिंतींना चुना मारण्यापर्यंत सगळं हर्षानं अंगावर घेतलं. भावजय शालू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमच्या बाई नसत्या तं माहं काही खरं नव्हतं." ते ऐकलं की हर्षाला वाटे, आज विचारूनच टाकावं.

विचारायचं एवढंच होतं, की मी इथंच राहू का. होळीनंतर तिच्या नवऱ्यानं, कैलाशनं, दुसरी आणून घरात बसवली होती. माहेरी तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. दर उन्हाळ्यात येते तशी लेक आली, असंच सगळे धरून चालले होते. एक कोपरा मिळाला तर जन्मभर शालूची धुणीभांडी करायची तिची तयारी होती. राबणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं, या भरवशावर ती राबत होती आणि बोलणं उद्यावर ढकलत होती.

त्यात आईचं नवंच खूळ. सामानाची गाठोडी अजून सुटली नव्हती आणि हिला सोयऱ्यांकडे जायची घाई. "गाव सुटलं, आता भेट कवा होईन," म्हणायची आणि हर्षाला घेऊन निघायची. मामा झाला, काका झाला, आत्या झाली. सगळीकडं एकच तऱ्हा. आई घरच्या बाईसोबत आत जाऊन बसे. हर्षा पाणी प्यायला गेली की दोघींचं बोलणं थांबे. मग जरा वेळानं ती बाई कुंकवाचा करंडा आणि नवी साडी, नाहीतर चोळीचा खण, घेऊन बाहेर येई. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची बोळवण करायची, रीतच आहे. "पुढच्या खेपेले जावयाले घेऊन ये," असंही वरून म्हणत. हर्षाच्या ओटीत कापड पडलं रे पडलं की आई उठायची. जेवायचा कितीही आग्रह होवो, घासभर थांबायची नाही.

आज मात्र कापड आलं नव्हतं. सुलोचनामावशी आईची सख्खी थोरली बहीण. अड्याळात भलंमोठं घर, मुलगा पुण्याला, म्हातारी एकटी. दोघी बहिणी आत बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्यावर मावशीनं हर्षाच्या तोंडावरून हात फिरवला आणि नुसतंच "संभाळून जा" म्हणाली. हर्षाला बरंच वाटलं. पिशवीत आणखी साडी मावलीही नसती.

शेवटी दोघी निघाल्या. रस्त्यानं आई वेगळीच दिसत होती. स्टँडवर तिनं आंबे घेतले, एक पुसून लेकीपुढं केला. "खाय. तोंड कसं उतरलं तुहं," म्हणाली आणि हसली. या उन्हाळ्यात तिला हसताना हर्षा पहिल्यांदाच बघत होती.

तेवढ्यात उन्हातून चपला फटफटवत मावशी आली. पार दमलेली. पदराखाली साडी. आईला म्हणाली,

"अवं धुरपता, बोळवण राहूनच गेली व. म्हातारपण, ध्यानात रायत नाही."

तिनं घाईघाईनं हर्षाला कुंकू लावलं, साडी ओटीत घातली. बस आली. आई खिडकीशी जाऊन बसली. मावशीनं खालून हात हलवला, तिकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

अड्याळ मागं पडलं. आई थकली असेल, असं हर्षाला वाटलं. पण आज नाही तर कधीच नाही, असंही वाटलं. तिनं खालमानेनं सांगून टाकलं.

"माय, मी वापस जात नाही. त्यानं दुसरी आणली घरात."

आई दचकली नाही. "मले मालूम आहे. तू आली त्याच दिवशी समजलं. उन्हाळ्याच्या पाहुणपणाले कोणी स्वेटर घेऊन येते का?"

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलूनच तं राहिली घरोघर. लेकीले ठेवून घ्या म्हणून. ज्याले ठेवाची आहे तो बोळवण करत नाही, बाई. आज वाटलं होतं, ताई ठेवते."

हर्षाला रडू फुटलं. आपण आईला खुळी समजत होतो, आणि ही माउली आपल्यासाठी दारोदार पदर पसरत होती. तिनं आईचा हात घट्ट धरला. तरी अजून एक घर होतंच की. ज्याच्या भिंती तिनं स्वतः पांढऱ्या केल्या होत्या ते. मनातून तिला थोडा धीरही आला.

"लोकाईच्या पाया कायले पडली, माय? आपल्या विनोदले इचारू. तो नाही म्हणणार नाही."

आईनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं.

"त्यालेच तं सर्वात पहिलं इचारलं, बाई."